मुलीची नेपाळ व्हॉलंटियर ट्रिप, आणि तिथल्या बायकांच्या हस्तकलेला खरी मदत कशी करावी?

सायली_यारा:

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचत असते, पण आज धागा काढतेय कारण घरात रोज जेवताना याच विषयावर बोलणं होतंय आणि मला इथल्या माहितगार लोकांचं मत हवंय.

आम्ही मेलबर्नला असतो. लेक दहावीत आहे. तिच्या वर्गातली काही मुलं-मुली एका कंपनीतर्फे नेपाळला व्हॉलंटियर ट्रिपला निघालीयत, तीन आठवडे, माणशी काही हजार डॉलर आणि विमानाचं वेगळं. कार्यक्रम असा की आधी काठमांडूजवळच्या एका बालगृहात राहून अनाथ मुलांना इंग्रजी शिकवायचं, मग एका शाळेच्या भिंती रंगवायच्या, एक दुपार गरीब बायकांच्या हस्तकला केंद्राला भेट द्यायची आणि शेवटी पोखराकडे छोटा ट्रेक. लेकीला मनापासून जायचंय. हट्ट म्हणून नाही, तिला खरंच वाटतंय की आपल्याला एवढं मिळालंय तर आपण कुणासाठी तरी काहीतरी करावं, आणि आई म्हणून मला त्याचं कौतुकच आहे. पण कंपनीचं माहितीपत्रक बघून काहीतरी खटकतं. लहान मुलांचे चेहरे, नावं, आणि खाली "हिला आईवडील नाहीत" असं छापलेलं.

दुसरं म्हणजे आमच्याकडे दिवाळी मेळ्यात गेल्या वर्षी एकीने नेपाळहून आणलेली फेल्टची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, फुलं आणि तोरणं ठेवली होती, दुपारपर्यंत सगळी संपली. लेक म्हणते की ट्रिपला गेले तर त्या केंद्रातल्या बायकांकडून अशा वस्तू आणू, मेळ्यात विकू आणि पैसे त्यांना परत पाठवू.

तर मला दोन गोष्टी विचारायच्यात. या ट्रिपला तिला पाठवावं का? आणि हस्तकलेतून तिथल्या घरांना खरोखर मदत होते का, की ते आपल्याच मनाचं समाधान?

लालपरी:

वाचतेय. माझ्या भाचीसाठी पण हेच चाललंय घरात, फक्त तिचं कंबोडियाला. चांगला धागा.

प्रभाकाका_सातारा:

सायलीताई, मुलगी स्वतःहून म्हणतेय तर पाठवा. आमच्या वेळी चंद्रपूरकडच्या सोमनाथला बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीला जायचो, मे महिन्याच्या उन्हात घमेली उचलायचो, माती खणायचो. १९६७ पासून चालू आहे ती. तिथून आलेला पोरगा घरी येऊन ताट स्वतः घासायचा. या वयात झालेले संस्कार आयुष्यभर राहतात.

गोदाकाठ:

सायली, धागा काढलास ते फार बरं केलंस. मूळची मी नाशिकची पण लग्नानंतर बरीच वर्षं ललितपूरला होते, काठमांडूला लागूनच आहे, बागमतीच्या पलीकडे. तिथे एका हस्तकला निर्यात करणाऱ्या संस्थेत मी मालाची तपासणी बघायचे, त्यामुळे तुझ्या दोन्ही प्रश्नांबद्दल बोलता येईल. आधी बालगृहाचं बोलते कारण ते जास्त गंभीर आहे.

काका, तुमची सोमनाथची छावणी वेगळी. तिथे तुम्ही माती खणलीत, तिथल्या माणसांच्या जिवावर तुमचा अनुभव उभा नव्हता.

नेपाळच्या बालगृहांतली बहुतेक मुलं अनाथ नाहीत. ही ऐकीव गोष्ट नाही. २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफने सांगितलं होतं की देशात सुमारे १५ हजार मुलं अशा संस्थांत आहेत आणि त्यातल्या ८५ टक्क्यांच्या आसपास मुलांचं आई किंवा वडील, कुणीतरी जिवंत आहे. आणि या संस्था कुठे आहेत बघा. काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की म्हणजे पोखरा, आणि चितवन. तेव्हाच्या ७५ जिल्ह्यांपैकी या पाच जिल्ह्यांतच जवळजवळ ९० टक्के संस्था. नेपाळमधले सगळ्यात गरीब जिल्हे हे नाहीत, सगळ्यात जास्त पर्यटक येतात ते जिल्हे हे आहेत. गरिबी तिकडे दूर पश्चिमेच्या डोंगरांत, हुमलात आहे, कर्णालीत आहे, पण तिथे परदेशी पाहुणे सहज पोचत नाहीत.

मग मुलं येतात कुठून? १९९६ ते २००६ माओवादी युद्ध चाललं तेव्हा डोंगरातल्या आईबापांना मुलांची भीती वाटायची, पोरांना उचलून नेतील म्हणून. गावात दलाल यायचे, म्हणायचे तुमच्या मुलाला काठमांडूला बोर्डिंगात घालतो, शिकवतो, आणि त्याचे पैसेही घ्यायचे, कुणी जमीन गहाण टाकून दिले. युद्ध संपलं तरी हा धंदा चालूच राहिला. मूल काठमांडूला आलं की कागदोपत्री अनाथ होतं. आईवडील मेल्याचे दाखले तयार होतात. आणि मग त्याच्या फोटोखाली तेच वाक्य येतं जे तू माहितीपत्रकात वाचलंस. भूकंपानंतर तर सरकारला नियमच काढावा लागला की १६ वर्षांखालचं मूल आईबाप किंवा पालक बरोबर नसताना जिल्ह्याबाहेर नेता येणार नाही, आणि नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली.

व्हॉलंटियर जो पैसा भरतो त्यावर हे उभं आहे. मूल जेवढं केविलवाणं दिसेल तेवढे पैसे जास्त येतात, म्हणून काही ठिकाणी मुलांना मुद्दाम फाटक्या कपड्यांत ठेवतात. सगळीकडे असं नसेल, पण तुझी लेक तीन आठवड्यांत कुठली संस्था कशी आहे हे ओळखणार कशी? माझं मत स्पष्ट आहे, बालगृहात पाठवू नकोस.

हस्तकलेबद्दल रात्री लिहिते, आत्ता नातू उठला.

विनू_ठाणे:

मला हे जरा जास्तच कडक वाटतंय. माझा मुलगा इंजिनीअरिंगला असताना पोखराला अशाच एका घरात महिनाभर राहिला होता. परत आला तो बदलून आला, आजही पगारातून दर महिन्याला तिकडे पैसे पाठवतो. त्या मुलांना पुस्तकं मिळाली, स्वेटर मिळाले, पोरं त्याच्या अंगाखांद्यावर चढत होती, निघताना रडली. हे सगळं खोटं म्हणायचं का? आणि समजा आईबाप आहेत, पण त्या डोंगरात राहून त्या मुलांना काय मिळणार होतं? निदान इथे दोन वेळचं जेवण आणि शाळा तरी आहे. आपण लोकांना परावृत्त करून त्या मुलांचं नुकसानच करतोय असं मला वाटतं.

शाळाबाई_सिडनी:

विनूजी, मी इथे ऑस्ट्रेलियात शाळेत शिकवते. तुमच्या मुलाच्या भावनेबद्दल शंका नाही, पण थोडी माहिती देते, सायलीताईंना पण उपयोगी पडेल कारण त्या ऑस्ट्रेलियातच आहेत.

इथे २०१७ मध्ये संसदेच्या समितीने आधुनिक गुलामीवर मोठी चौकशी केली, त्यात अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीवर वेगळं प्रकरण होतं. मग २०१८ मध्ये कायदा झाला. अनाथाश्रमासाठी मुलांची तस्करी हाही गुलामीचा प्रकार आहे असं मान्य करणारा ऑस्ट्रेलिया पहिला देश. त्याच वर्षी सरकारने लोकांना सांगायला सुरुवात केली की परदेशातल्या अनाथाश्रमात थोड्या दिवसांसाठी व्हॉलंटियर म्हणून जाऊ नका. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही हा धोका नोंदला गेला. त्यामुळे बऱ्याच शाळांनी अशा सहली बंद केल्यात, आणि तरीही कुणी नेत असेल तर पालकांनी विचारायलाच हवं.

अजून एक साधी गोष्ट. नेपाळच्या टुरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही, बिनपगारी सुद्धा नाही. म्हणजे व्हॉलंटियर म्हणून शिकवणं हे टुरिस्ट व्हिसात बसतच नाही. कंपनीने मुलांना कुठल्या व्हिसावर नेणार हे लेखी द्यायला सांगा.

आणि शिक्षिका म्हणून एवढंच म्हणते की आमच्या शाळेत मुलांजवळ जायला मोठ्या माणसाला आधी पोलीस तपासणी लागते, तो नियम नेपाळच्या मुलाला का नको?

गोदाकाठ:

विनूदादा, तुमच्या मुलाचं मन खरंच होतं, त्याबद्दल मी काही वेडंवाकडं म्हणणार नाही. पण पोरं अंगाखांद्यावर चढतात त्याबद्दल सांगते. आपल्या घरातलं चार वर्षांचं पोर पाहुणा आला की आईच्या पदरामागे लपतं, दुसऱ्या दिवशी हळूच जवळ येतं. अनोळखी माणसाच्या गळ्यात पहिल्या पाच मिनिटांत पडणारं मूल बघितलं की तिथे काम करणारे लोक काळजीत पडतात. त्याला दर महिन्याला नवीन ताई नवीन दादा मिळतो, जीव लावतो आणि निघून जातो, वर्षातून कितीदा तरी. तो निघताना पोरं रडली ते खोटं नव्हतं, म्हणूनच तर वाईट वाटतं.

"डोंगरात राहून काय मिळणार" हा तुमचा प्रश्न मात्र अगदी बरोबर आहे आणि मला वाटतं सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं. आई मूल का पाठवते? तिला ते नको असतं म्हणून नाही. फी भरायला पैसे नसतात, नवरा कतार-मलेशियाला गेलेला असतो आणि त्याचे पैसे दलालाचं कर्ज फेडण्यात जातात. एक मूल संस्थेत ठेवायला जेवढा खर्च येतो त्यात घरच्या घरी कितीतरी जास्त मुलांना आधार देता येतो. म्हणून पैसा आईच्या हातात जायला हवा, तिच्या कामाचा दाम म्हणून.

तुमच्या मुलाला एकदम पैसे बंद करायला सांगू नका. त्याने त्या संस्थेला विचारावं की इथल्या किती मुलांचे आईवडील हयात आहेत, मुलं दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, घरी जातात का, आणि गेल्या वर्षात किती मुलं कायमची घरी परत गेली. चांगली संस्था याची उत्तरं आनंदाने देते, कारण मूल घरी पोचवणं हेच तिचं काम असतं.

विनू_ठाणे:

हे प्रश्न मुलाला आजच पाठवतो. दशैंचं मला सुचलंच नसतं. बघू काय उत्तर येतं.

गोदाकाठ:

आता हस्तकलेचं. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

सायली, तू विचारलंस खरी मदत होते का. होते, पण वस्तू विकत घेतली म्हणजे आपोआप झाली असं नाही. काम कसं चालतं ते आधी सांगते. नेपाळमध्ये लोकरीचं विणकाम, फेल्ट हे बरंचसं घरी बसून होतं. दिदी (विणणाऱ्या बाईला तिथे असंच म्हणतात) केंद्रात येते, लोकर वजन करून घेऊन जाते, घरी टोपी-मोजे विणते, आठ-दहा दिवसांनी परत आणते, माल वजन करून आणि मोजून घेतात, नगावर मजुरी. फेल्टची लोकर बहुतेक न्यूझीलंडहून येते, कोमट पाणी आणि साबण लावून ती हातांनी मळत मळत घट्ट करायची, तुमच्या मेळ्यातली तोरणं अशीच झालीयत. हिवाळ्यात त्या पाण्याने बोटं फुटतात. आणि एका खोलीचं बिऱ्हाड असतं, तिथेच चूल किंवा गॅस, तिथेच पोरं, धुराचा वास लागला किंवा एक बाजू मोठी झाली तर माल नापास. मी स्वतः कितीतरी नग परत केलेत, करावेच लागायचे, कारण माल खराब गेला की ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येत नाही आणि मग सगळ्याजणींचं काम जातं.

यात चांगली संस्था आणि नुसता व्यापारी यात फरक कुठे पडतो? १९८४ मध्ये मीरा भट्टराईंनी असोसिएशन फॉर क्राफ्ट प्रोड्यूसर्स सुरू केली, तिचं दुकान धुकुटी, ललितपूरच्या कुपोंडोलला. तिथे मजुरीशिवाय मुलींच्या शाळेसाठी वेगळा भत्ता देतात, मुलगी शाळेत जात राहिली तर. त्या एका भत्त्याने किती मुली शाळेत टिकल्या असतील विचार करा. महागुथी पण १९८४ चीच, तिची पाळंमुळं तुलसी मेहेर यांच्या कामात आहेत, गांधीजींकडे साबरमतीला राहून ते चरखा शिकून गेले आणि नेपाळात निराधार बायकांना सूत कातायला शिकवलं. अशा संस्था मजुरी ठरवताना बायकांशी बोलतात, मालाचे पैसे वेळेवर देतात, अडीअडचणीला उचल देतात. न्याय्य व्यापाराच्या (फेअर ट्रेडच्या) नियमात असंही आहे की हस्तकलेच्या ऑर्डरीला मागितल्यास निम्मे पैसे आगाऊ द्यायचे, बिनव्याजी. हे फार महत्त्वाचं आहे. आगाऊ मिळाले नाहीत तर लोकर घ्यायला संस्था कर्ज काढते आणि त्याचं व्याज शेवटी मजुरीतूनच जातं.

म्हणून तुझी लेक जे म्हणते की आधी वस्तू आणू, विकू, मग पैसे पाठवू, ते उलटं करायला हवं. आधी पैसे, मग वस्तू. विकल्या गेल्या नाहीत तर तो धोका मेलबर्नने घ्यावा, ललितपूरच्या दिदीने नाही. उधारीवर माल विकणं तिला परवडत नाही.

आणि एकदाच मोठी ऑर्डर देण्यापेक्षा दर वर्षी छोटी दिलेली बरी. दिदीला माहीत असायला हवं की पुढच्या वर्षी पण काम आहे, तरच ती मुलाची फी भरायचं धाडस करते. आमच्याकडे एक दिदी होत्या, सिंधुपाल्चोकच्या, भूकंपात घर गेलं म्हणून शहरात आलेल्या. लागोपाठ दोन हंगाम काम मिळालं तेव्हा त्यांनी नातेवाइकाने कुठल्याशा होस्टेलात टाकलेला मुलगा परत आणून जवळच्या शाळेत घातला. कुणी उपकार केले नाहीत, त्यांनी मोजे विणले होते.

लालपरी:

अंगावर काटा आला वाचताना. एक विचारू का, हस्तकलेतही लहान मुलांना राबवतात ना? गालिच्यांबद्दल ऐकलं होतं.

गोदाकाठ:

हो, गालिचांच्या कारखान्यांत फार मोठ्या प्रमाणात होतं. त्यावरच १९९४ मध्ये कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने रगमार्क सुरू झालं, आता त्याला गुडवीव्ह म्हणतात. लेबलवर नंबर असतो आणि तपासनीस न सांगता मागांवर जातात, मूल सापडलं तर त्याला शाळेत घालायचं कामही तेच करतात. गालिचा घेणार असाल तर ते लेबल बघा. घरगुती विणकामात तपासणी जास्त कठीण आहे हे खरं, आईशेजारी बसून मुलगी पण विणते. म्हणून तो शाळेचा भत्ता वगैरे गोष्टी लागतात, आणि मजुरी इतकी तरी हवी की आईला मुलीच्या हातांची गरज पडू नये.

मेळघाटी_वारा:

गोदाकाठताईंना पूर्ण अनुमोदन. मी अमरावतीकडची, बचत गटांबरोबर काम करते, नेपाळचं मला माहीत नाही पण हेच सगळं इथे बघतेय म्हणून लिहिते.

मुंबईला महालक्ष्मी सरस भरतं तिथे आमच्या बाया जातात, लोक येतात, कौतुक करतात, फोटो काढतात, "बिचाऱ्या इतक्या लांबून आल्या" म्हणून एक टोपली घेतात. ती टोपली घरी माळ्यावर जाते आणि तो माणूस पुढच्या वर्षी दुसरी घेत नाही, का घेईल, त्याला ती लागतच नव्हती. दयेपोटी घेतलेल्या वस्तूला दुसरं गिऱ्हाईक नसतं. त्याउलट धारणी तालुक्यात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं, त्यांनी कोरकू लोकांना बरोबर घेऊन बांबूच्या राख्या केल्या. राखी दर वर्षी लागतेच! दर वर्षी लागणारी वस्तू, वजनाला हलकी, पोस्टाने जाते. मला वाटतं यात डिझाइन, रंग, माप, वेळ हे सगळं त्या बायांच्या कष्टाइतकंच महत्त्वाचं आहे आणि आपल्या शिकलेल्या मुलामुलींना खरी मदत करायची असेल तर ती इथे करता येईल. सायलीताईंच्या लेकीला मेलबर्नच्या घरांत काय चालतं, कुठला रंग विकला जातो, दिवाळीला लोक काय शोधतात हे माहीत आहे, ते ललितपूरला बसलेल्या बाईला कसं कळणार? ही माहिती पाठवा. भिंत रंगवायला तिथे रंगारी आहेत, त्याला मजुरी मिळू द्या.

विनू_ठाणे:

मग परदेशातून कुणी जायचंच नाही का कधी? हे पण टोकाचंच झालं.

शाळाबाई_सिडनी:

जायला हवं ना, पण ज्याला जे येतं ते घेऊन आणि पुरेसे दिवस. जनकपूरचं उदाहरण बघा. तराईत म्हणजे नेपाळच्या सपाट भागात, मिथिलेत, बायका लग्नाला वगैरे घराच्या भिंतींवर चित्रं काढतात, कितीतरी पिढ्या. १९८९ च्या सुमारास क्लेअर बर्कर्ट नावाच्या अमेरिकन बाई तिथे गेल्या, त्यांनी पाहिलं की हीच चित्रं हातकागदावर काढली तर विकली जातील. जनकपूर महिला विकास केंद्र त्यातून उभं राहिलं. ज्या बायका घुंघट घेऊन घराबाहेरही पडत नव्हत्या त्या केंद्रात यायला लागल्या, हिशेब करायला लागल्या. बर्कर्ट बाईंनी त्यांना चित्रं शिकवली नाहीत, ती त्यांना येतच होती. बाईंनी कागद, बाजार आणि स्वतःची कितीतरी वर्षं दिली. तीन आठवड्यांत सोळा वर्षांच्या मुलांकडून असं काही होणार नाही, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही नको.

गोदाकाठ:

तो हातकागद म्हणजे लोकता बरं का. डोंगरात उंचावर झुडूप असतं, त्याची साल काढायची. मुळापासून न उपटता वरून कापलं तर पाच-सहा वर्षांत पुन्हा वाढतं, म्हणून जंगल पण टिकतं. नेपाळची जुनी सरकारी कागदपत्रं याच कागदावर, कसर लागत नाही. मध्ये हे काम बसलं होतं, ऐंशीच्या दशकात युनिसेफने आपली शुभेच्छापत्रं भक्तपूरला या कागदावर छापून घ्यायला सुरुवात केली आणि डोंगरातल्या घरांना पुन्हा काम मिळालं. आता विचार करा, युनिसेफने तिथे व्हॉलंटियर पाठवून साल सोलली असती तर काय झालं असतं. त्यांनी ऑर्डर दिली, वर्षानुवर्षं दिली.

प्रभाकाका_सातारा:

फारच उद्बोधक चर्चा. मी माझं पहिलं मत बदलतो, बालगृहात नको. आमचा ग्रुप मार्चमध्ये पशुपतिनाथ-मुक्तिनाथ करतोय, सत्तावीस माणसं, बसभर. खरेदी सगळेच करणार. कुठे करावी म्हणजे पैसा योग्य हातात जाईल?

गोदाकाठ:

काका, टूरवाले थामेलला, काठमांडूच्या पर्यटकांच्या बाजारात सोडतील. तिथे स्वस्तात मिळणारी "पश्मिना" बहुतेक व्हिस्कोस किंवा अ‍ॅक्रेलिकची असते, मशीनवरची, ती घेऊन कुठल्याच दिदीला काही मिळत नाही. गाईडला सांगा अर्धा दिवस ललितपूरला न्यायला, तसंही तिथला पाटण (ललितपूरचंच दुसरं नाव) दरबार चौक बघायलाच हवा, वाटेवर पूल ओलांडला की कुपोंडोल, तिथे धुकुटी, महागुथी आणि अजून अशी दुकानं ओळीने आहेत. भाव ठरलेले असतात, घासाघीस करू नका. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा १.६० हा हिशेब डोक्यात ठेवा. मुक्तिनाथला थंडी असते, लोकरीचे मोजे-टोप्या तिथूनच घ्या, सत्तावीस माणसांनी दोन-दोन जोड घेतले तरी एखाद्या दिदीचं बरंच काम झालं. आणि पाल्प्याकडची किंवा तेह्रथुमची ढाका (तिकडचं नक्षीचं विणलेलं कापड) मिळाली तर सुनेसाठी शाल घ्या, हातमागावरची असते.

आणि कृपा करून ग्रुपला सांगा, कुणी बालगृहाला भेट ठेवली असेल तर नको म्हणा. लोक वह्या-चॉकलेटं घेऊन जातात, तासभर बसतात, फोटो काढतात. मूल म्हणजे बघायची जागा नाही.

प्रभाकाका_सातारा:

सांगतो. आमच्या कार्यक्रमात तशी एक भेट खरंच आहे, काढायला लावतो.

सायली_यारा:

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मी लेकीला वाचून दाखवला, तिला मराठी वाचायला वेळ लागतो पण ऐकलेलं सगळं कळतं. सिंधुपाल्चोकच्या दिदींचं ऐकल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, मग तिनेच बसून कंपनीला मेल लिहिला. शाळाबाईंचा व्हिसाचा प्रश्न आणि गोदाकाठताईंचे तीनही प्रश्न विचारले. उत्तर आलं की मुलांची माहिती गोपनीय आहे आणि व्हिसाचं आमचे लोक बघतात. ज्यांनी मुलांचे चेहरे आणि नावं माहितीपत्रकात छापलीत ते म्हणतात माहिती गोपनीय आहे! मला फार राग आला. आम्ही नाव मागे घेतलंय. तिच्या दोन मैत्रिणींच्या घरीही बोलणं चालू आहे, एकीचे आईवडील अजून पाठवायचंच म्हणतायत, त्यांना हे सगळं इंग्रजीत लिहून देणार आहे.

त्याऐवजी वर्षअखेरीस आम्ही चौघं नेपाळला जाऊ, साधे पर्यटक म्हणून, ट्रेक करू, ललितपूरला दुकानांत जाऊन बोलू. आणि पुढच्या दिवाळी मेळ्यासाठी लेक आणि तिच्या मैत्रिणी मिळून ऑर्डर देणार, ट्रिपच्या साठवलेल्या पैशातून निम्मे आगाऊ. मेळघाटीताईंचं वाचून तिने यादी पण केलीय, दाराची तोरणं, आकाशकंदिलाला लावायचे फेल्टचे गोळे, लोकता कागदाची दिवाळी कार्डं. रुद्राक्ष पण म्हणत होती. आता सांगा ऑर्डर कधी द्यायची, आणि इकडे कस्टममध्ये काही अडेल का?

शाळाबाई_सिडनी:

रुद्राक्ष नको. ऑस्ट्रेलियात बिया, साल असलेलं लाकूड, गवत, पिसं यावर फार कडक तपासणी असते, अडकलं तर तुमच्या खर्चाने नष्ट करतात. फेल्ट आणि कागदाचं सहसा निभावतं, पण सजावटीत बिया किंवा वाळलेली फुलं घातलेली नकोत हे आधीच लिहून कळवा. लोकताच्या काही कार्डांत फुलाच्या पाकळ्या दाबलेल्या असतात, त्या टाळा. पाठवण्याआधी सरकारी साइटवर वस्तूगणिक नियम बघून घ्या.

मेळघाटी_वारा:

आणि उरलेल्या मालाचं काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. मेळ्यात पाऊस आला तर? अर्धा माल मेळ्याला आणि अर्धा आधीच ओळखीच्या घरांत नोंदवून घेतलेला असा ठेवला तर मुलींना टेन्शन नाही. किंमत लावताना "गरीब बायकांना मदत" अशी पाटी नको, वस्तू कशी बनली ते लिहा, कुणी बनवली ते तिला विचारून लिहा.

गोदाकाठ:

लेकीला माझ्याकडून शाबासकी सांग.

वेळेचं असं आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तिथे पाऊस, फेल्ट वाळत नाही, ओलं पॅक केलं की बुरशी येते. त्यानंतर लगेच दशैं-तिहार, म्हणजे तिकडचे दसरा-दिवाळी, बायका गावाला जातात, जायलाच हव्यात. आणि मोठे परदेशी खरेदीदार नाताळच्या ऑर्डरी वर्षाच्या सुरुवातीलाच देतात, मग तुमची छोटी ऑर्डर मागे पडते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत तुम्ही तिथे असाल तेव्हाच नमुने ठरवा, मार्चपर्यंत ऑर्डर आणि आगाऊ रक्कम, मेअखेर माल तयार. तुमचा माल थोडा असेल तर विमानानेच मागवा. नेपाळला समुद्र नाही, जहाजाचा माल सीमेवरच्या वीरगंजवरून कोलकात्याला जातो. २०१५ च्या सप्टेंबरपासून काही महिने सीमेवर नाकेबंदी होती तेव्हा लोकर येईना, गॅस येईना, दिदी लाकडावर स्वयंपाक करायच्या आणि ऑर्डरी उशिरा गेल्या. त्यात त्यांचा दोष नव्हता, पण काही खरेदीदारांनी पैसे कापले. २०२० मध्ये तर कितीतरी ऑर्डरी रद्दच झाल्या. असं कधी झालं तर दिलेली आगाऊ रक्कम परत मागू नका, एवढं मुलींना आधीच सांगून ठेव.

आणि पहिल्या वर्षी तीन वस्तूंच्या वर जाऊ नका. रंगांचं कार्ड आधी मागवून घ्या आणि त्यावरच्या नंबरानेच ऑर्डर लिहा, मोबाइलवर जो भगवा दिसतो तो लोकरीत येत नाही. तोरणाचं माप सेंटिमीटरमध्ये लिहा आणि तुमच्याकडच्या दाराचा फोटो पण पाठवा.